रिकाम्या हाताने जायचं: लिजन ऑफ मेरीत नव्याने येणाऱ्यांसाठी

आमच्या वसईत मरियामातेची भक्ती कुणाला शिकवावी लागत नाही. ऑक्टोबर उजाडला की दिवेलागणीला घराघरांतून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, ऐकू येते. सप्टेंबरात मोतमाऊलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेला वांद्र्याला जायचं, गुडघा दुखत असेल तर मेणाचा पाय घ्यायचा, घराचं काम अडलं असेल तर मेणाचं घर घ्यायचं आणि तिच्यापुढे ठेवून यायचं. मागण्यात आपण पटाईत. मागणं वाईट असं मी म्हणत नाही. काना गावातल्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा मरियेनेही मागितलंच की! फक्त ते तिने दुसऱ्याच्या घरातली अडचण बघून मागितलं.

लूकच्या शुभवर्तमानात देवदूत निरोप सांगून जातो आणि लगेच पुढच्या प्रसंगात मरिया उठून डोंगराळ भागात राहणाऱ्या, नात्यातल्या एलिझाबेथच्या घरी घाईने निघते. एलिझाबेथ उतारवयात गरोदर, मरियाही नुकतीच गरोदर. तिथे ती जवळजवळ तीन महिने राहते. सोबत तिने काय नेलं, ह्याबद्दल लूक एक शब्द लिहीत नाही. बहुधा काहीच नाही. ती गेली, एवढंच.

लिजन ऑफ मेरी म्हणजे घरोघरी भेटी देणाऱ्या चर्चमधल्या साध्या भाविकांची संघटना. तिचं काम ह्या प्रसंगावर चालतं. अकरा वर्षं झाली मला त्यात. दरवर्षी दोन-चार नवे चेहरे येतात. त्यांतले निम्मे तीन महिन्यांत गळतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: आपण नेमकं कशाला आलो हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी नुसते बघायला या

आपल्या पॅरिशमध्ये (चर्चच्या विभागात) लिजन आहे का, हे मिस्सेनंतरच्या (चर्चमधल्या उपासनेनंतरच्या) सूचनांत कळतं, नाहीतर पॅरिश ऑफिसात विचारा. सभा दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी असते. अध्यक्षांना आधी सांगून पाहुणे म्हणून एक-दोन सभांना बसता येतं. लगेच नाव घालायची घाई करू नका.

खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा दिसतं ते टेबल. पांढरं कापड, मधोमध हात खाली पसरलेली मरियामाता, दोन बाजूंना दोन पेटत्या मेणबत्त्या, दोन फुलदाण्या. आमच्याकडे हंगाम असेल तेव्हा सोनचाफा असतो आणि पहिल्या दहा मिनिटांत खोलीभर वास पसरतो. मूर्तीच्या पुढे एक छोटा ध्वजदंड उभा असतो, त्याला व्हेक्सिलम म्हणतात. रोमन सैन्याच्या निशाणाचा तो घाट आहे, पण गरुडाच्या जागी पवित्र आत्म्याचं कबुतर आहे.

ही मांडणी कुणा समितीने ठरवलेली नाही. ७ सप्टेंबर १९२१ रोजी, मरियेच्या जन्माच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, डब्लिनच्या फ्रान्सिस स्ट्रीटवरच्या मायरा हाउसमध्ये काही बायका जमल्या. सोबत एक धर्मगुरू आणि लिजनचा संस्थापक फ्रँक डफ, बत्तीस वर्षांचा सरकारी नोकर. त्यांच्यापैकी कुणीतरी लवकर येऊन टेबलावर कापड, मूर्ती, फुलं, मेणबत्त्या असं सगळं मांडून ठेवलं होतं. बाकीचे आले तेव्हा मरिया आधीच येऊन बसल्यासारखी. त्या दिवसापासून जगभर सभेचं टेबल तसंच मांडतात.

त्या पहिल्या सभेत ठरलेलं कामही बघण्यासारखं आहे. शहरातल्या गरिबांच्या सरकारी इस्पितळात पडलेल्या बायकांना भेटायला जायचं. दोघींनी मिळून, दर आठवड्याला, आणि पुढच्या सभेत येऊन काय झालं ते सांगायचं. शंभर वर्षांत ह्यात फारसा बदल झालेला नाही.

लॅटिन नावांना घाबरू नका

आपल्या पॅरिशमधला छोटा गट म्हणजे प्रेसिडियम. जवळपासच्या अनेक प्रेसिडियमांवर क्युरिया. त्याच्या वर कोमिशियम, रेजिया, सेनाटस, आणि सगळ्यात वर डब्लिनमधलं कन्सिलियम. फ्रँक डफला रोमन सैन्याची शिस्त आवडायची, म्हणून ही नावं. नवख्याला पहिलं वर्षभर प्रेसिडियम आणि क्युरिया एवढे दोन शब्द पुरतात. प्रत्येक प्रेसिडियमला मरियेची एखादी पदवी नाव म्हणून असते. पहिल्याचं नाव होतं दयेची माता.

सभेत काय होतं

सभा दीड तासाच्या वर जात नाही, जाता कामा नये. पवित्र आत्म्याला हाक मारून सुरुवात, मग रोझरीची पाच दशकं (दहा-दहा जपांचे पाच भाग), थोडं आध्यात्मिक वाचन, मागच्या सभेचं इतिवृत्त, खजिनदाराचा हिशेब. त्यानंतर सभासदांचे अहवाल. मध्येच सगळे उभे राहून कॅटेना नावाची प्रार्थना म्हणतात आणि त्यानंतर फादर, म्हणजे आध्यात्मिक मार्गदर्शक, चार शब्द बोलतात. एक गुप्त थैली फिरते. तीत प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे घालायचं, कुणी किती घातलं ते कुणाला कळत नाही. शेवटी समाप्तीची प्रार्थना. हे सगळं टेसेरा नावाच्या छोट्या पत्रकात छापलेलं असतं, पाठ नसलं तरी चालतं.

कॅटेनाबद्दल मात्र थांबून सांगते, कारण ती रोज म्हणायची आहे, सभा असो नसो. तिचा गाभा म्हणजे मरियेचं स्तोत्र, एलिझाबेथच्या दारात तिने म्हटलेलं. आपण ते इतकं गोड चालीत म्हणतो की त्यात काय आहे ते विसरून जातो. गर्विष्ठांची दाणादाण, सत्ताधीश आसनावरून खाली, भुकेले तृप्त आणि श्रीमंत रिकाम्या हाताने परत. निळा झगा घातलेल्या, नजर खाली झुकवलेल्या मुलीचं हे गाणं आहे! ते रोज तोंडातून गेलं की वाडीच्या टोकाच्या घरात जायला तुम्हाला कंटाळा येतो तेव्हा आतून काहीतरी टोचतं.

आता अहवाल. नवे लोक इथेच अडखळतात. माझ्या जोडीला एक जुन्या सभासद होत्या, त्यांना मी मावशी म्हणते. माझा पहिला अहवाल असा होता: «मावशींबरोबर एका आजारी बाईंकडे गेले. विचारपूस केली. प्रार्थना केली. परत आले.» अध्यक्षबाईंनी मान हलवली आणि विचारलं, «त्या काय म्हणाल्या?» मला आठवेना. कारण मी ऐकलंच नव्हतं, मी आपली विचारपूस करत होते. पुढच्या आठवड्यापासून मी घरातून बाहेर पडल्यावर रिक्षात बसून दोन ओळी लिहून ठेवू लागले. «पाय सुजलेत. मुलीचा फोन येतो त्या दिवशी जेवतात, नाहीतर चहावर भागवतात. रोझरी हातात घेतात पण तिसऱ्या दशकात झोप लागते, त्याची लाज वाटते.» हा अहवाल. ह्यातून पुढे काय करायचं ते सगळ्यांना दिसतं. अहवाल म्हणजे आपण किती पुण्य कमावलं त्याची पावती नाही, आणि इतरांपेक्षा दोन घरं जास्त झाली म्हणून आवाज चढवायचंही कारण नाही.

पहिली भेट

काम प्रेसिडियम ठरवून देतं, आपण निवडायचं नसतं. आठवड्याला साधारण दोन तास. आजारी, एकटे राहणारे, चर्चला येणं सोडलेले, इस्पितळातले, नव्याने राहायला आलेले, अशी घरं वाटून मिळतात. नेहमी दोघांनी जायचं. नव्याबरोबर जुना. येशूने शिष्यांना दोघे दोघे करून पाठवलं हे एक कारण, आणि एकटी गेलेली व्यक्ती तिथे काय घडलं ते आपल्याला सोयीचं तेवढंच सांगते हे दुसरं. दुसरं माझं स्वतःचं निरीक्षण आहे, लिजनच्या हँडबुकात (नियमांच्या पुस्तकात) शोधू नका.

निघण्यापूर्वी चर्चमध्ये दोन मिनिटं टेका. वेळ बघून जा. नोकरदार माणूस विरार लोकलमधून उतरून घरी येऊन चप्पल काढत असतो तेव्हा बेल वाजवू नये. वसई पूर्वेच्या मोठ्या सोसायट्यांत वॉचमनच्या वहीत लिहावं लागतं किंवा ॲपवरून परवानगी लागते, म्हणून तिथे आधी फोन. दारात सरळ सांगायचं: «आम्ही लिजनच्या, चर्चमधून आलोय. वेळ असेल तर थोडं बसतो, नसेल तर परत कधी येऊ.» दार बंद झालं तर झालं. हसून जिना उतरायचा आणि अहवालात लिहायचं, दार बंद होतं.

आणि हात रिकामे ठेवायचे.

हा नियम ऐकल्यावर नव्यांच्या कपाळावर आठी येते. लिजनचा सभासद लिजनचं काम म्हणून कुणाला पैसे, धान्य, जुने कपडे असं काहीही देत नाही. मलाही हे कोरडं वाटलं होतं. गरिबाच्या घरी जाऊन नुसती रोझरी म्हणायची? म्हणून मी तो नियम पहिल्याच महिन्यात मोडला. (पुढच्या हकिगतीत घर, नाती, आजार सगळं बदलून सांगतेय, नाहीतर ह्याच लेखातला पुढचा नियम मी मोडला असं होईल.)

एक म्हातारं जोडपं. आजोबा पक्षाघाताने खाटेवर, आजी दिवसभर त्यांच्याभोवती. मी बिस्किटांचा पुडा नेला आणि निघताना मावशींची नजर चुकवून उशीखाली पाचशेची नोट सरकवली. पुढच्या आठवड्यात आजींनी औषधाच्या दुकानाचं बिल काढून ठेवलं होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात शेजारीणही येऊन बसली होती, तिचंही एक काम होतं. चौथ्या आठवड्यात माझ्याकडे काही नव्हतं. आजींनी माझ्या पिशवीकडे पाहिलं. बोलायला विषयच उरला नाही. मी देणारी आणि त्या घेणाऱ्या, ह्याच्या पलीकडे आम्ही एकमेकींच्या कुणी नव्हतोच.

त्या दिवशी मावशींनी खुर्ची खाटेजवळ ओढली आणि आजोबांना विचारलं, «विहिरीवर रहाट होता तेव्हाची केळीची बाग किती मोठी होती हो?» आजोबांना नीट बोलता येत नव्हतं, ते डाव्या हाताने दाखवू लागले. इथपासून तिथपर्यंत. आजी मध्येच दुरुस्ती करू लागल्या. अर्ध्या तासात बागेवरून जमिनीवर, जमिनीवरून भावावर गोष्ट आली. वाटणीत भावाशी वाजलं होतं. तो ज्या मिस्सेला येतो त्या मिस्सेला जायचं नाही, असं करता करता चर्चच सुटलं होतं. नऊ वर्षं. ते पाचशे रुपयांनी कधीच बाहेर आलं नसतं.

फादरांना आम्ही फक्त एवढंच सांगितलं की तुम्ही एकदा जाऊन या. ते गेले, आजोबांनी कन्फेशन केलं, कम्युनियन घेतलं. भाऊ काही आला नाही. सगळंच जुळतं असं नाही.

नियमामागचं कारण हँडबुकात स्पष्ट आहे: देणारा म्हणून ओळख झाली की ज्यांना मदत नको आहे त्यांची दारं बंद होतात. बंगल्यातली एकटी बाई तुम्हाला आत घेणार नाही, कारण तुम्ही गेलात की शेजाऱ्यांना वाटेल हिचे दिवस फिरले. आणि फ्रँक डफला मदत करणं ठाऊक नव्हतं असं नाही. तो स्वतः १९१३ पासून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत होता. तिथे धान्य, औषधं, फी हे सगळं बघतात. लिजनने तेच काम पुन्हा करायचं नव्हतं. तेव्हा खरी नड दिसली तर गप्प बसायचं नाही. अध्यक्षांमार्फत पॅरिशच्या व्हिन्सेंट डी पॉलवाल्यांना कळवायचं आणि त्यांनी काय केलं ते पुढच्या आठवड्यात विचारायचं. पाणी आणून द्यायला, चादर बदलायला, रेशनकार्डाचा अर्ज भरायला नियम आड येत नाही. तीन महिने एलिझाबेथच्या घरी मरियेने हेच केलं असणार.

इतर धर्मांच्या घरी, इतर धर्मांच्या खाटेशी

इस्पितळाच्या वॉर्डात आपल्या माणसाच्या शेजारी कुणी पाटील, कुणी शेख असतात. त्यांच्याशीही बोला, बोललंच पाहिजे. पण आजारी माणूस उठून जाऊ शकत नाही हे ध्यानात ठेवा. खाटेवर पडलेल्याच्या हातात पत्रक देणं मला तरी पटत नाही. कुणी म्हणालं, माझ्यासाठीही प्रार्थना करा, तर जरूर करा. मोतमाऊलीला जाणारे हिंदू, पारशी काही कमी नाहीत, त्यामुळे मरियेचं नाव बऱ्याच जणांना परकं नसतं.

एक प्रश्न मात्र नक्की येईल: «तुम्ही मरियेची पूजा करता ना?» उत्तर तयार ठेवा. आराधना फक्त देवाची. मरियेला मान, प्रेम, आणि आमच्यासाठी विनंती कर अशी हाक. घोटाळा आपल्या भाषेचाही आहे. मराठीत भक्ती म्हटलं की विठ्ठलाचीही, आईचीही आणि गुरूचीही. चर्चच्या जुन्या लॅटिनमध्ये ह्यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. कानाच्या लग्नातलं मरियेचं शेवटचं वाक्य आठवा: तो तुम्हाला जे सांगेल ते करा. शुभवर्तमानात त्यानंतर ती बोलताना दिसत नाही. बोट येशूकडे दाखवून ती बाजूला होते.

जे ऐकलं ते पोटात

सभेत जे बोललं जातं आणि घराघरांत जे कळतं ते बाहेर जात नाही. चर्चच्या आवारात नाही, नवऱ्यापाशी नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. पहिल्या वर्षी मी एका घरातली गोष्ट मिस्सेनंतर मैत्रिणीला सांगितली, नाव न घेता. आपल्याकडे नाव घ्यावंच लागत नाही. «ती गल्लीतली, जिचा मुलगा आखातात आहे» एवढं पुरतं. दोन रविवारांनी त्या बाई माझ्या समोरून गेल्या आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या घरात मी पुन्हा कधी गेले नाही, त्यांनी बोलावलंही नाही.

त्याला जोडून राजकारण. निवडणुका आल्या की कुणीतरी विचारतंच, तुम्ही इतक्या घरी जाता, आमचंही जरा सांगा. सांगायचं नाही.

तीन महिने आणि वचन

पहिले तीन महिने उमेदवारीचे. तेवढ्यात तुम्हाला लिजन कळते, लिजनला तुम्ही. मग सभेत उभं राहून, व्हेक्सिलमचा दंड हातात धरून वचन द्यायचं. नव्यांना आश्चर्य वाटतं की हे वचन मरियेला नाही, पवित्र आत्म्याला उद्देशून आहे. मरियेने जे केलं ते त्याच्या सामर्थ्याने केलं, आपणही त्याच्याकडेच मागायचं, असा त्याचा अर्थ. ह्यापुढे दर वर्षी २५ मार्चच्या आसपास आसिएस नावाचा सोहळा होतो. त्या दिवशी एकेक जण पुढे येऊन ध्वजाला हात लावतो आणि मी आणि माझं जे काही आहे ते तुझं, असं मरियेला सांगतो. अर्ध्या मिनिटाचं काम. पण रांगेत उभं असताना मागच्या वर्षीची चुकवलेली घरं डोळ्यांसमोर येतात.

दोन तास जमणारच नाहीत, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, स्वतःचीच तब्येत साथ देत नाही, अशांसाठी सहायक सभासदत्व आहे. त्यांनी रोज रोझरीसह टेसेरामधल्या प्रार्थना म्हणायच्या, सभेला यायचं बंधन नाही. तब्येतीवरून आठवण झाली. एडेल क्विन ही आयर्लंडमधली ऑफिसात टायपिंग करणारी मुलगी. मठात जायचं होतं, क्षयाने ते बारगळलं. १९३६ साली लिजनने तिला पूर्व आफ्रिकेत पाठवलं. १२ मे १९४४ रोजी नैरोबीत तिने प्राण सोडला, तोवर आठ वर्षं खराब रस्त्यांवरून एका मिशनहून दुसऱ्या मिशनला जाऊन ती प्रेसिडियम उभी करत होती. हे मी नव्यांना घाबरवायला सांगत नाही. पावसात जायचं जिवावर येतं तेव्हा स्वतःलाच सांगते.

हे सगळं फादरांचं काम, आपण कशाला, असं घरचे म्हणतील. माझ्या सासूबाई म्हणायच्या. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या (धर्मगुरू नसलेल्या साध्या भाविकांच्या) सेवाकार्यावर स्वतंत्र आदेश काढला आणि त्यात आदर्श म्हणून मरियेचं नाव घातलं, कारण ती घरकाम आणि संसाराच्या धबडग्यात राहून हे करत होती. त्याच वर्षी फ्रँक डफ त्या परिषदेत प्रापंचिक निरीक्षक म्हणून बसला होता. सासूबाईंना हे सांगून काही फरक पडला नाही. त्या आजारी पडल्यावर आमच्या दोघी जणी दर गुरुवारी येऊन त्यांच्याजवळ बसायच्या, तेव्हा पडला.

तर येत्या आठवड्यात एकदा येऊन बसा. वही-पेन लागत नाही, रोझरी असली तर आणा. आणि जमलं तर पाच मिनिटं आधी या, टेबलावर कापड घालायला आणि फुलदाण्यांत पाणी भरायला आमच्याकडे नेहमी एक माणूस कमी पडतं.